आजारी मुलाच्या हाती स्टुडिओ

मेक-अ-विश या संस्थेत मुलांच्या इच्छांची ढोबळ वर्गवारी बरीच जुनी आहे: काही व्हायचंय, काही हवंय, कुठे जायचंय, कुणाला भेटायचंय. १९८० साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ल्युकेमिया झालेल्या एका सात वर्षांच्या मुलाला तिथल्या पोलीस खात्याने आपल्यात सामील करून घेतलं, त्याच्या मापाचा गणवेश शिवला, हेलिकॉप्टरमधून फिरवलं; संस्थेची सुरुवात तिथून झाली. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीच्या वाट्याला येणारी इच्छा बहुतेक वेळा ‘हवंय’ किंवा ‘भेटायचंय’ या प्रकारातली असते. मूल आई-वडिलांबरोबर स्टुडिओत येतं, आवडत्या पात्राचा पुतळा बघतं, सगळ्यांच्या सह्या असलेलं पोस्टर आणि टीशर्ट घेऊन जातं. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण हेच आदरातिथ्य सायकलींचा किंवा बिस्किटांचा कारखानाही करू शकेल. गेम कंपनीकडे द्यायला याहून वेगळी आणि दुर्मीळ गोष्ट आहे, ती म्हणजे तिचं काम. पाहुण्या मुलाला त्या कामात खरोखरचे निर्णय घेऊ दिले, तर कंपनीने त्याला जे दिलं ते दुसऱ्या कुणाला देता आलं नसतं. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि त्याच्या बाजूने पुरावा आहे तसे त्यावर गंभीर आक्षेपही आहेत.

२००४ मधलं एक उदाहरण या दृष्टीने सगळ्यात बोलकं आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या, ल्युकेमियाच्या उपचारांतून गेलेल्या आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने मेक-अ-विशकडे मागणी केली ती गेम मिळण्याची नाही, गेम बनवण्याची. शरीराच्या आत कर्करोगाशी होणारी लढाई त्यात दिसायला हवी होती. बाजारात विकला जाणारा गेम म्हणजे चित्रकार, ॲनिमेटर, प्रोग्रामर, ध्वनिकार, टेस्टर यांची मोठी पलटण आणि दोन-तीन वर्षांचा हिशोब. कुठल्याही कंपनीच्या वेळापत्रकात ही मागणी बसणारी नव्हती. लुकासआर्ट्स या गेम कंपनीतला एरिक जॉन्स्टन हा प्रोग्रामर स्वेच्छेने पुढे आला आणि सुमारे सहा महिन्यांत, मुलाला बरोबर घेऊन, त्याने एक छोटा पण पुरा खेळता येणारा गेम तयार केला. तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवला गेला. गेमचं नावही त्या मुलाच्याच नावावरून पडलं.

त्या गेमची रचना नीट पाहिली की काम कुणी केलं हे कळतं. नायक म्हणजे तो मुलगाच, उडत्या फळीवर स्वार झालेला. बिघडलेल्या पेशी नष्ट करायच्या आणि सात ढाली मिळवायच्या; एकेका ढालीवर एकेका राक्षसाचा पहारा. मोठ्या माणसाने हा गेम रचला असता तर शेवटचा राक्षस म्हणून कर्करोगच उभा केला असता. इथले राक्षस उपचारांच्या काळातले आहेत: उलटी, ताप, सर्दी, केस गळणं. ओकाऱ्या काढणारा एक यंत्रमानव आहे. कांजिण्यांचा राक्षस म्हणजे एक भलीमोठी कोंबडी. इंग्रजीत या रोगाच्या नावात कोंबडी आहे, म्हणून शाळकरी पोराने केलेला हा विनोद. पण कांजिण्या मुळात यादीत का आल्या? केमोथेरपी चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, आणि इतर पोरं आठवड्याभरात उठून खेळायला लागतात तो आजार त्याच्या जिवावर बेतू शकतो. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या एवढी बातमीसुद्धा अशा घरात धावपळ उडवते. हे प्रोग्रामरला माहीत असण्याचं कारण नव्हतं, मुलाला होतं. गेम रचताना शत्रू कोण, तो कसा हल्ला करतो आणि त्याच्यापासून बचाव कशाने होतो हे ठरवावं लागतं, आणि या तिन्ही प्रश्नांवर त्या खोलीतला जाणकार माणूस तो मुलगाच होता. जॉन्स्टनचं कसब मुलाच्या कल्पना सहा महिन्यांत निभतील अशा मापात आणण्यात होतं. कुठलाही अनुभवी डिझायनर सहकाऱ्याच्या कल्पनेला हेच करतो: हे जमेल, हे जमणार नाही, हे असं केलं तर?

दुसरं उदाहरण २००७ मधलं, ब्लिझार्ड कंपनीचं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा तिचा ऑनलाइन गेम तेव्हा भरात होता. २००८ च्या जानेवारीत वर्गणीदारांचा आकडा एक कोटीवर गेल्याचं कंपनीने जाहीर केलं. मेंदूत गाठ असलेला दहा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर हा गेम खेळायचा. मेक-अ-विशमार्फत तो कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला कंपनीच्या कचेरीत आला. तिथे त्याने एक हत्यार आखलं, एका पात्राला आवाज दिला आणि एक क्वेस्ट, म्हणजे खेळाडूने पार पाडायची कामगिरी, बनवण्यात भाग घेतला. त्या क्वेस्टमध्ये बैलमुखी टॉरेन जमातीचा अहाब व्हीटहूफ मुलगोरच्या कुरणात उभा असतो. त्याचा कायल नावाचा कुत्रा पिसाळल्यासारखा गावाभोवती पळतोय, त्याला पक्ष्याचं कोवळं मांस खाऊ घालून शांत करायचं. कामगिरी साधी आहे, पण तिची जागा पाहण्यासारखी आहे. तेव्हा टॉरेन पात्र घेऊन खेळू लागणारा नवखा खेळाडू सुरुवातीच्या तासांत याच कुरणातून जायचा. कंपनीने मुलाचं काम कुठल्या तरी कोपऱ्यातल्या स्मृतिफलकासारखं न ठेवता नवख्या खेळाडूंच्या वाटेवर ठेवलं.

एवढ्याशा क्वेस्टमागेही पुष्कळ माणसं लागतात. संवाद लिहून ते पडद्यावरच्या चौकटीत मावतात का बघावं लागतं. कुत्र्याचा पळण्याचा मार्ग आखावा लागतो, मांस कुठल्या पक्ष्यापासून आणि कितीदा मिळेल हे ठरवावं लागतं, एकाच वेळी दहा खेळाडूंनी मांस टाकलं तर कुत्र्याने काय करायचं हे कोडमध्ये सांगावं लागतं. मग टेस्टर मंडळी ते सगळं मोडून बघतात. आवाजाचं रेकॉर्डिंग वेगळंच: बंद खोली, माईक, तेच वाक्य पुन्हा म्हणणं. आजारी मुलाच्या बाबतीत हे सगळं त्याच्या थकव्याच्या कलाने घ्यावं लागतं, आणि गेमच्या पुढच्या पॅचची, म्हणजे सुधारित आवृत्तीची, तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तो मुलगा गेला. त्यानंतर थंडर ब्लफ या टॉरेनांच्या राजधानीत त्याचं पहिलं नाव धारण करणारा एक वृद्ध व्हीटहूफ आणला गेला. त्या नावापेक्षा मला कायलची क्वेस्ट मोठी वाटते. वृद्धाचं पात्र इतरांनी त्याच्या आठवणीत केलं, क्वेस्ट त्याने स्वतः केली होती.

प्रकाशनाआधी गेम खेळायला देणं हे सह्यांचं पोस्टर आणि प्रत्यक्ष काम या दोन टोकांच्या मधलं आहे. ‘फॉलआउट ७६’ २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आला. त्याच्या आधी बेथेस्डा कंपनीचा एक माणूस तो घेऊन व्हर्जिनियातल्या एका आजारी मुलाच्या घरी गेला. गुप्ततेचे कडक करार पाळणाऱ्या धंद्यात गेमची अपुरी आवृत्ती बाहेर नेणं ही लहान गोष्ट नाही, आणि ज्याच्याकडे महिने उरलेले नाहीत त्याच्यासाठी याहून योग्य काही सुचणारही नाही. सहा महिन्यांचा सहभाग मागणारी कल्पना अशा मुलाच्या गळ्यात घालणं क्रूरपणाच ठरेल. म्हणजे माझा मुद्दा सरसकट लागू होत नाही. मूल किती थकलंय आणि किती वेळ आहे यावर तो अवलंबून आहे. मात्र मेक-अ-विशकडे येणारी सगळी मुलं मरणाच्या दारात असतात हा समज चुकीचा आहे. गंभीर आजारातून बरी होणारी, दीर्घ उपचार चालू असलेली मुलंही तिथे पात्र ठरतात, आणि अशा मुलांकडे वेळ असतो.

या सगळ्याचा मुलांवर काही मोजण्याजोगा परिणाम होतो का? इस्रायलमध्ये कर्करोगाच्या ५ ते १२ वर्षांच्या ६६ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले: एकाची इच्छा पूर्ण केली, दुसऱ्याला प्रतीक्षायादीत ठेवलं. पहिल्या गटात आशा वाढलेली आणि नैराश्य व चिंता कमी झालेली आढळली. ओहायोतल्या कोलंबसच्या बालरुग्णालयात इच्छा पूर्ण झालेल्या ४९६ मुलांची तितक्याच इतर रुग्णांशी तुलना केली, तेव्हा पहिल्या गटात अचानक दाखल व्हावं लागण्याचे प्रसंग कमी होण्याची शक्यता अडीच पट अधिक निघाली. या दुसऱ्या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही, कारण तिथे गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते, आणि ज्या घराला इच्छा नोंदवण्याइतकी उसंत मिळते ते घर इतर बाबतींतही वेगळं असू शकतं. शिवाय दोन्ही अभ्यास डिस्नेची सहल आणि स्टुडिओतलं काम यांत फरक करत नाहीत. काम दिल्याने अधिक फायदा होतो असं त्यातून सिद्ध होत नाही. ते मी इस्पितळातल्या मुलाच्या दिनक्रमावरून म्हणतो. तिथे सुई कधी टोचायची, काय खायचं, कुणाला भेटायचं हे सगळं दुसरे ठरवतात. अशा मुलाचं ‘राक्षस असा नको, तसा हवा’ हे म्हणणं ऐकून एखादा प्रौढ माणूस पुढच्या आठवड्यात तसा राक्षस करून दाखवतो, हा अनुभव सहलीत मिळत नाही.

सगळ्यात धारदार आक्षेप तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा. १५ नोव्हेंबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहराने पाच वर्षांच्या एका मुलाला दिवसभर बॅटमॅनचा साथीदार बनवलं आणि हजारो लोक रस्त्यावर आले. पुढच्याच महिन्यात सिंगर यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिहिलं की एका इच्छेचा सरासरी खर्च साडेसात हजार डॉलर आहे, आणि तेवढ्या पैशांत मच्छरदाण्या वाटून मलेरियापासून किमान दोन-तीन मुलांचे जीव वाचवता येतात. चेक लिहायला बसलेल्या देणगीदारासाठी या हिशोबाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ‘भावनांना किंमत नसते’ वगैरे बोलून तो टाळणं लबाडी होईल. पण जॉन्स्टनने दिलेले सहा महिने मच्छरदाणीत बदलता येत नव्हते. तो त्याचा स्वतःचा वेळ होता आणि ते विशिष्ट कसब होतं. कंपनीने जितका पैसा द्यावा तितका सिंगर यांचा आक्षेप तिला लागू पडतो, जितकं काम द्यावं तितका तो सैल होतो. विमानाची तिकिटं, हॉटेल, लिमोझिन हे सगळं त्याच्या कक्षेत येतं. क्वेस्टचा कुत्रा येत नाही.

याहून अवघड आक्षेप गेमच्याच जगातून येतो: एका मुलासाठी कशाला, सगळ्या रुग्णांसाठी गेम करा ना. तसा झालाही आहे. होपलॅब या संस्थेने २००६ मध्ये ‘री-मिशन’ काढला. त्यात रॉक्सी नावाची सूक्ष्म यंत्रमानव मुलगी शरीरात शिरून पेशींशी लढते. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ३४ केंद्रांवर १३ ते २९ वयाच्या ३७५ रुग्णांत त्याची चाचणी झाली. २००८ मध्ये आलेले निष्कर्ष असे की हा गेम मिळालेल्यांनी तोंडाने घ्यायची केमोची औषधं आणि प्रतिजैविकं अधिक नेमाने घेतली. (तुलनेसाठी दुसऱ्या गटाला खेळायला दिला होता तो इंडियाना जोन्सचा गेम, लुकासआर्ट्सचाच.) समाजाच्या उपयोगाच्या फूटपट्टीवर ‘री-मिशन’ कितीतरी पुढे आहे, हे मान्य. फक्त त्यामागे काही वर्षांचं संशोधन, डॉक्टरांची फळी आणि मोठा निधी होता. जॉन्स्टनने तो प्रकल्प हाती घ्यायला हवा होता असं म्हणणं म्हणजे शेजारच्या पोराला गणित शिकवणाऱ्याला ‘शाळाच का काढत नाहीस’ असं विचारण्यासारखं आहे.

मग प्रसिद्धीचा प्रश्न. कंपनीला अशा बातमीतून सद्भावना मिळते, जाहिरातीवर पैसा घालूनही मिळणार नाही इतकी. मला हा फायदा आक्षेपार्ह वाटत नाही. तो मुलाच्या खर्चाने होत असेल तर वाटतो. कॅमेरे स्टुडिओत शिरले की काम थांबतं आणि देखावा सुरू होतो, मुलालाही हसावं लागतं. काम दिलं असलं की ही भेसळ ओळखायला सोपी जाते, कारण शेवटी काहीतरी खेळून बघता येतं. त्या क्वेस्टमध्ये मुलाचं काय आहे आणि कंपनीचं काय, हे खेळणाऱ्याला दिसतं. मालकीचा मुद्दा मात्र मला खरोखर खटकतो. अशा गेममधला आवाज, पात्र, कथा यांवर हक्क कंपनीचा राहतो, आणि ऑनलाइन गेमचे सर्व्हर कधी बंद करायचे हेही तीच ठरवते. मुलाच्या आवाजाची मूळ रेकॉर्डिंग आणि त्याच्या चित्रांच्या प्रती घरच्यांना त्याच दिवशी देऊन टाकायला कुठल्या वकिलाची परवानगी लागू नये.

मेक-अ-विश इंडियाचं मुख्यालय मुंबईत आहे आणि ती १९९६ पासून काम करते. इथे सिंगर यांचा हिशोब अधिकच बोचतो. परळच्या टाटा रुग्णालयात मूल दाखल करायला आलेल्या गावाकडच्या कुटुंबाला अनेकदा राहायलाच जागा नसते, आणि उपचार अर्धवट सोडण्याचं ते एक कारण असतं. २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था अशा कुटुंबांना निवारा देते. पैसा असेल तर तो आधी तिकडे जावा. पण युबिसॉफ्टचे पुण्यात आणि मुंबईत स्टुडिओ आहेत, इतर छोट्या कंपन्याही आहेत, आणि त्यांच्याकडे कामाचे तास आहेत. उपचारांसाठी महिनोन्महिने मुंबईत अडकलेल्या मुलाला अख्खा गेम देता येणार नाही. मोबाइल गेममधली एक लेव्हल, एका शत्रूची चाल, एका पात्राचा मराठी, हिंदी किंवा भोजपुरी आवाज देता येईल. तेही ठरावीक माणसाने, ठरावीक वारी, टॅबलेटवरून चाळीस मिनिटं. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली गेल्या की तो वार हुकणार, हे वेळापत्रक आखतानाच धरावं लागेल, आणि त्या हुकलेल्या वारांचा हिशोब स्टुडिओच्या व्यवस्थापकाने मागू नये.