उवांचे कूळ आणि आपली लाज

मुलीच्या डोक्यात उवा झाल्याचा निरोप शाळेतून आला, की अनेक घरांत उपचाराआधी दोषारोप सुरू होतात. कुणाकडून आल्या, घरात स्वच्छता नाही काय, अशी विचारणा होते आणि कित्येकदा मुलीच्या केसांवर कात्री चालवली जाते. या लाजेला शास्त्रीय आधार कितपत आहे, हे पाहायचे तर उवेच्या कुळाचा शोध घ्यावा लागतो.

हा शोध तंतुकणिकांच्या, म्हणजेच मायटोकाँड्रियांच्या, साहाय्याने घेतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या घटकांना स्वतःचा डीएनए असतो आणि बहुतेक प्राण्यांत तो केवळ आईकडून संततीकडे येतो. पिढ्यानपिढ्या त्यात बारीक बदल साचत जातात. दोन जातींमधील असे फरक मोजले, की त्यांचे पूर्वज केव्हा विभक्त झाले याचा अंदाज बांधता येतो.

माणसाच्या तंतुकणिकांतील ३७ जनुके एकाच वर्तुळाकार रेणूवर असतात. माणसाच्या उवेत मात्र हीच ३७ जनुके सुमारे २० लहान वर्तुळांत विभागलेली असून एकेका वर्तुळावर बहुधा एक ते तीनच जनुके असतात. ही विलक्षण रचना २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आली. हत्तीच्या अंगावरील उवेतही असे विभाजन आढळले आहे. त्यावरून ती आणि रक्तशोषक उवा यांचा पूर्वज एकच असावा, असे संशोधक मानतात.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा धागा चिंपांझीपर्यंत जातो. माणसाची ऊ आणि चिंपांझीची ऊ सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात. माणूस आणि चिंपांझी यांच्या वंशशाखाही साधारण त्याच काळात वेगळ्या झाल्या. यजमानाचे कूळ दुभंगले, तसे त्याच्या रक्तावर जगणाऱ्या कीटकाचेही दुभंगले. याचा अर्थ, ऊ ही शेजारच्या बाकावरून प्रथमच आलेली आपत्ती नव्हे. ती मानवजातीबरोबरच वाटचाल करत आली आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ ही डोक्यातील उवेपासूनच निपजली. मानवाने वस्त्रे वापरण्यास प्रारंभ केल्यानंतर हे घडले असावे, आणि त्याचा काळ जनुकीय अभ्यासांनुसार लाखभर वर्षांच्या आसपास येतो. साथीचा टायफस पसरतो तो या अंगावरच्या उवेमुळे. हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्युनिस येथे दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचा बंदोबस्त स्नानाने आणि कपडे बदलून, गरम पाण्यात धुऊन होतो. डोक्यातील ऊ मात्र धुतलेल्या केसांतही सुखाने राहते. ती उडत नाही, उड्याही मारत नाही. मुख्यतः डोक्याला डोके लागल्याने ती पसरते.

म्हणून उपचार शांतपणे करावा. ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने बट बट विंचरावी आणि हा क्रम दर दोन-तीन दिवसांनी दोन ते तीन आठवडे चालू ठेवावा. औषध वापरायचे असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावे. लिखांतून साधारण आठवडाभरात पिल्ले बाहेर पडतात, त्यामुळे बहुतेक औषधे सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावी लागतात. रॉकेल किंवा शेतीचे कीटकनाशक डोक्याला कदापि लावू नये. त्याने जिवावर बेतू शकते. खाजवून जखमा झाल्या असतील, तर त्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत, म्हणजे आजीपासून धाकट्यापर्यंत सारेच एका रांगेत बसतील आणि मुलीला एकटीला अपराधी वाटणार नाही. तिचे केस कापण्याची किंवा तिची शाळा बुडवण्याची आवश्यकता नाही.