चांदीची जुनी वीट की रविवर्मांचं छापील चित्र: पैसे कशात गुंतवावेत?

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रं घरोघरी पोहोचली. त्या जुन्या छापील चित्रांना आज संग्राहक चांगले पैसे मोजतात. पण नकलाही भरपूर आहेत. कागदाला ओल लागली की किंमत घसरते. शिवाय ठरलेला बाजारभाव नसल्यामुळे हौशी गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबावं लागतं.

चांदीचं तसं नाही. अमेरिकेतल्या एंगेलहार्ड कंपनीच्या जुन्या विटांना संग्राहक धातूच्या भावापेक्षा जास्त देतात. ती हौस ओसरली तरी चांदीचे पैसे मिळतातच. मात्र सराफ फक्त वजन आणि शुद्धता बघतो. छापासाठी मोजलेले जादा पैसे तिथे बुडतात. चांदीचा भावही पडू शकतो.

थोडक्यात, अडीअडचणीचा पैसा चित्रात अडकवू नका. चित्र घ्यायचंच तर आवडलं म्हणून घ्या.