डर्बीचा घोडा आणि मामाची वही

आमच्या डिचोलीकडे घोडा म्हटला की प्रथम आठवते ती शिगम्यातील घोडेमोडणी. कमरेला लाकडी घोडा बांधलेला, हातात तलवार, मागे ढोल-ताशे. डिचोली, सत्तरी आणि पेडणे या भागांत हा नाच पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. या घोड्यांत पहिला-दुसरा नसतो आणि कुणी कुणावर पैसे लावीत नाही. खऱ्या घोड्यांच्या शर्यतीचा पहिला धडा मला मिळाला तो मुंबईत, गिरगावातील एका खोलीत, माझ्या मामाकडून.

मामा मूळचा पेडण्याचा. नोकरीसाठी मुंबईला गेला आणि तिथलाच झाला. जानेवारी संपत आली की त्याच्या खोलीत रोज संध्याकाळी चारपाच मंडळी जमत. चहाचे कप, शर्यतीचे पुस्तक, वर्तमानपत्राची कात्रणे आणि एकच विषय : यंदा डर्बी कोण मारणार? आवाज चढत, माणसे रुसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. मी शाळकरी पोर कोपऱ्यात बसून ऐकत असे. आज संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणून त्या वादांकडे पाहतो तेव्हा वाटते, त्या मंडळींना आपण समजत होतो त्याहून पुष्कळ अधिक कळत होते. तरीही एक महत्त्वाची गोष्ट त्यांना कळत नव्हती. त्या दोन्हींबद्दल हा लेख आहे.

इंडियन डर्बी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होते. हे रेसकोर्स १८८३ सालचे. डर्बी सुरू झाली १९४३ साली. पहिल्याच वर्षी ती जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने. शर्यत चार वर्षांच्या जनावरांची, अंतर २४०० मीटर, आणि बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. नाव अर्थातच इंग्लंडमधील एप्सम येथील डर्बीवरून घेतलेले. ती मूळ डर्बी १७८० पासून चालू आहे.

आता वाद कशाकशावर होत असे ते पाहू.

पहिला मुद्दा अंतराचा. डर्बीच्या आधी डिसेंबरात १६०० मीटरची टू थाऊजंड गिनीज ही शर्यत होते. तिथे जिंकलेला घोडा साहजिकच सर्वांच्या तोंडी असतो. पण १६०० मीटर वेगाने धावणारा घोडा पुढचे ८०० मीटर दम टिकवील का? इथे त्याचा बाप कोण, आई कोण, त्यांची संतती लांब पल्ल्यावर कशी धावली, हे पाहतात. कुणी एखाद्या घोड्याच्या रूपाची स्तुती करू लागला की मामा त्याला मध्येच तोडून म्हणे, "घोड्याक पळयनाका, अंतर पळय!"

दुसरा मुद्दा वजनाचा. सामान्य शर्यतींत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन सर्वांना शक्य तितके एका पातळीवर आणतात. डर्बीत तसे नाही. सर्व नरांना सारखे वजन. घोडीला मात्र दीड किलोची सवलत. म्हणून वजनाच्या मदतीने आधीच्या शर्यती जिंकलेला घोडा डर्बीत उघडा पडतो.

तिसरा मुद्दा शर्यतीच्या चालीचा. सुरुवातीपासून पुढे पळणारे घोडे दोनतीन असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचे फावते. पुढे पळणारा एकच असेल तर तो आपल्या सोयीची चाल ठेवून शेवटपर्यंत टिकू शकतो. त्यानंतर जॉकी कोण, ट्रेनर कोण, सकाळच्या सरावात घोडा कसा धावला, जमीन किती कडक आहे, हे सारे येते.

यात केवळ नशीब नाही हे उघड आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग प्रमुख असल्याचा निर्णय दिला. मटक्याच्या आकड्याला आई-बाप नसतात, घोड्याला असतात.

पण कौशल्य म्हणजे खात्री नव्हे. अमेरिकेतील मॅन ओ' वॉर हा घोडा २१ शर्यती धावला आणि २० जिंकला. १९१९ साली ज्या एका शर्यतीत तो हरला, तीत त्याला हरवणाऱ्या घोड्याचे नाव अपसेट, म्हणजे उलथापालथ, असे होते! ज्याने त्या दिवशी मॅन ओ' वॉरवर पैसे लावले त्याचा अंदाज चुकीचा नव्हता. त्याचे पैसे मात्र गेले.

आता न कळलेल्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे भाव.

समजा बुकीने पाच घोड्यांवर असे भाव दिले आहेत : अ ला एकास दीड, ब ला एकास दोन, क ला एकास चार, ड ला एकास सहा आणि ई ला एकास नऊ. एकास दोन म्हणजे १ रुपया लावल्यास जिंकल्यावर २ मिळतात आणि आपला १ परत येतो. असा घोडा तीनदा धावून एकदा जिंकला तर आपला हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणजे या भावात ३३.३ टक्के संभव गृहीत धरलेला आहे. याच रीतीने अ चे ४०, क चे २०, ड चे १४.३ आणि ई चे १० टक्के येतात. सर्वांची बेरीज करा : ११७.६! पण जिंकणार तर एकच; बेरीज १०० हवी. वरचे १७.६ कुणाचे? बुकीचे. लोकांचे पैसे याच प्रमाणात लागले तर ११७ रुपये ६० पैसे गोळा करून तो १०० वाटतो, मग घोडा कोणताही येवो.

टोटमध्ये बुकी नसतो, पण तत्त्व तेच. ही पद्धत पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात काढली. सर्वांचे पैसे एकत्र करायचे, त्यातून ठरावीक कपात काढायची आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. कपात आधी होते, वाटणी नंतर.

कुणी म्हणेल, आमचा अभ्यास लोकांपेक्षा चांगला असेल तर? तर जरूर फायदा होईल. पण लोक वाटतात तितके अडाणी नसतात. इंग्लंडमध्ये प्लिमथ येथील एका प्रदर्शनात बैलाचे वजन ओळखण्याची पैज होती. फ्रान्सिस गॅल्टन याने तेथील ७८७ अंदाज तपासून १९०७ साली प्रसिद्ध केले. त्यांतला मधला अंदाज १२०७ पौंड; खरे वजन ११९८ पौंड. भाव हा असाच हजारो माणसांच्या अंदाजांतून बनतो. अंतर, वंश, वजन, जॉकी हे सारे जे मामाला ठाऊक, ते भावात आधीच शिरलेले असते. म्हणून "कोण जिंकेल?" हा अर्धाच प्रश्न. पुरा प्रश्न असा : "त्याच्या खऱ्या संभवापेक्षा भाव जास्त मिळतो आहे का?" गिरगावातल्या त्या खोलीत हा दुसरा प्रश्न विचारलेला मी कधी ऐकला नाही.

मामा वारल्यावर त्याच्या ट्रंकेत एक वही सापडली. २६ डर्बींची नोंद : घोडा, कारणे, भाव, निकाल. दर डर्बीला १०० रुपये. कमी नाही, जास्त नाही. मी हिशेब मांडला. २६ पैकी ७ वेळा मामाचा घोडा आला होता. पंधराएक घोड्यांच्या शर्यतीत चिठ्ठ्या टाकून निवड केली असती तर जेमतेम दोनदा आला असता. म्हणजे मामाचे ज्ञान खरे होते, आणि हे लिहिताना मला अभिमान वाटतो. पण लावले २,६०० आणि परत आले १,८९०. बरोबरीसाठी त्याला सरासरी एकास २.७ भाव हवा होता. मिळाला एकास १.७. ज्याच्यावर सर्वांचे एकमत त्याच्यावरच तोही लावी.

तोटा ७१० रुपयांचा, २६ वर्षांत. एवढ्याने घर बुडत नाही. पण वही होती ती फक्त डर्बीची. बाकीच्या रविवारांची वही नव्हती. त्यांचा हिशेब मामीला ठाऊक आहे; तिच्या हातात आज पाटल्या नाहीत.

हा लेख लिहिण्याचे कारण सांगून टाकतो. गेल्या दिवाळीत पेडण्याला गेलो असता मामेभाऊ म्हणाला, "दादा, बाबांची ती वही मला दे. त्यांना घोडे कळत होते." मी लगेच उत्तर दिले नाही. वसतिगृहात परतल्यावर माझ्या खोलीतील कन्नड विभागाच्या मित्राला सर्व सांगितले. तो म्हणाला, "वही त्याच्या बापाची आहे, ती त्याला दिलीच पाहिजे. पण तुझा हिशेबही दे." बंगळूरला रेसला जाणारा एक काका त्याच्याही घरात आहे, त्यामुळे त्याला फार सांगावे लागले नाही.

वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी वरचा सारा हिशेब स्वच्छ अक्षरात लिहिला आहे. त्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत : एक बाकीच्या रविवारांसाठी आणि एक मामीच्या पाटल्यांसाठी. तिथले आकडे त्याने आईला विचारून स्वतः भरावेत. शिगम्याला घरी जाईन तेव्हा वही त्याच्या हाती देईन. घोड्यांवर वाद घालायला तो मोकळा आहे. त्या वादात बुद्धीला चांगला व्यायाम आहे, आणि मीही त्याच्याबरोबर बसेन. चहाचे पैसे तेवढे माझे.