छावणीपासून बेथेलपर्यंत

नाव निजामाचे परंतु हुकमत इंग्रज अंमलदारांची अशी जी हैदराबाद कंटिन्जंट फौज १९०३ मध्ये हिंदी सैन्यात विलीन झाली, तिची एक छावणी आमच्या वसमतपासून जवळच हिंगोलीस होती, आणि औरंगाबाद व जालना ही तिचीच दुसरी ठाणी, हे आज आमच्या तालुक्यात फारशा कोणास ठाऊक नाही. छावणी पडली की कवाईतीचे मैदान, दफनभूमी आणि प्रार्थनामंदिर ही ओघाने येत. म्हणून महाराष्ट्रातील जुनी चर्चे पाहण्याचा जो छंद मला तरुणपणी जडला, त्याचा आरंभ सैन्याच्या वाटेनेच झाला.

पुण्याच्या छावणीतील सेंट मेरी, ज्याचे संस्कारपूर्वक उद्घाटन १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी केले, आणि कुलाब्याचे अफगाण चर्च, जे पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ उभारले जाऊन १८५८ मध्ये उपासनेस खुले झाले, ही दोन्ही मी प्रथम पाहिली. कुलाब्याचा तो उंच निमुळता मनोरा, रंगीत काचांतून फरशीवर उतरणारा प्रकाश आणि भिंतींवरील मृतांच्या नामावळी पाहून मन गंभीर होते. तथापि इंग्लंडमधील एखाद्या परगण्याचे देवालय जसेच्या तसे उचलून समुद्रकाठी ठेवावे, असेच ते मला प्रत्येक वेळी वाटत आले.

पुण्याच्या गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयात मात्र हा परकेपणा उरत नाही. १८८५ मध्ये उभे राहिलेले हे पंचहौद मिशनचे मंदिर छावणीत नव्हे, पेठेच्या भर वस्तीत आहे. त्याच्या स्वतंत्र घंटाघरात आठ घंटांचा संच असून, तो इंग्लंडातील परगण्यांच्या रीतीने दोरांनी वाजविण्यासाठी टांगलेला आहे, आणि त्याखाली जमणारी मंडळी मराठीत प्रार्थना करते. याच मिशनमध्ये १८९० साली न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासमोर चहाचे पेले आले आणि त्यातून जातिबहिष्काराचे ग्रामण्य उद्भवले, हे सर्वश्रुत आहे; परंतु त्या प्रकरणाच्या गाजावाजात ही वास्तू पाहावयाची राहून जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

माझ्या लेखी सर्वांत मोलाचे स्थळ मात्र जालन्याजवळचे बेथेल. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री, ज्यांच्या धाकट्या भावाच्या, श्रीपतीच्या, शुद्धीसाठी बाळशास्त्री जांभेकरांनी शास्त्रार्थाचा खटाटोप केला, त्यांनी स्कॉटिश फ्री चर्चच्या आश्रयाने परंतु मराठी माणसाच्या कर्तृत्वाने, निजामाच्या राज्यात दलित ख्रिस्ती कुटुंबांसाठी ही वसाहत वसविली. येथे सेनापतींचे स्मृतिलेख शोधण्यासाठी कोणी येणार नाही. येथे पाहावयाचे ते जमीन कसणाऱ्यांनी आपले मानलेले देवालय. पुढे नारायण वामन टिळकांची पदे व भजने मराठी उपासनेत रूढ झाली, आणि १९७० मध्ये अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन इत्यादी पंथ उत्तर भारतीय चर्चमध्ये एकत्र आले, तेव्हा लष्करी देवळे आणि मिशनची देवळे यांतील जुना भेदही पुष्कळसा मिटला.

छावणीतील गोऱ्यांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला विलायतेस रवाना होत, म्हणून त्या लंडनच्या दप्तरात आजही सापडतात. मराठी मंडळ्यांच्या नोंदवह्यांनाही तशी सुरक्षितता लाभावी, आणि पाळकांच्या कपाटांतील जीर्ण पाने वाळवीच्या हाती पडण्यापूर्वी त्यांच्या नकला व्हाव्यात, एवढी माझी मराठवाड्यातील अभ्यासकांस विनंती आहे.