डब्याची सायकल

घरात एकच स्कूटर. मुलीचे कॉलेज लांब. म्हणून ती तिला देऊन आम्ही सायकल काढली. राजारामपुरीतून बिंदू चौकामार्गे कचेरी. येताना चढ, पहिल्या आठवड्यात मांड्या भरून आल्या! ‘‘काय ओ, कर्ज झालंय काय?’’ हा सहकाऱ्यांचा प्रश्न त्याहून जड गेला.

खरी अडचण घरातच होती. आम्ही अर्धा तास लवकर निघायचे, म्हणजे सहचारिणीने पाचला उठून डबा करायचा? आमच्या व्यायामासाठी तिची झोप का मोडावी? वाचकहो, आता भाजी ती करते, चपात्या आम्ही लाटतो.

बिंदू चौकात, बाबासाहेबांच्या हयातीत १९५० साली बसविलेल्या त्यांच्या पुतळ्यापाशी एक पाय टेकून दम घेतो. मागे कॅरिअरला डबा असतो. चपात्या अजून वेड्यावाकड्याच होतात.