आवाजाची कळ घरातच हवी

घरच्या वाय-फायवर चालणाऱ्या संगीतयंत्रणेत तिघांची कामं वेगळी असतात : एक गाणी साठवतो, दुसरा वाजवतो, तिसरा हुकूम देतो. यूपीएनपी या सामाईक पद्धतीत तर ही विभागणी उघडच आहे. ब्लूटूथवर आवाज फोनमधून जातो, म्हणून फोन घेऊन जिन्यात गेलं की गाणं तुटतं. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा क्रोमकास्टमध्ये मात्र फोन फक्त काय लावायचं ते सांगतो. गाणं स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून आणतो. फोनची बॅटरी संपली तरी ते वाजत राहतं. म्हणजे इथे फोन हा नुसता रिमोट आहे, आणि रिमोट एकच असावा असा काही नियम नाही. म्हणूनच यंत्रणा घेताना ती चालवण्याचे मार्ग किती, आणि त्यातले कंपनीवाचून चालणारे किती, हे आवाजाच्या दर्जाइतकंच बारकाईने पाहायला हवं.

मे 2024 मध्ये वाय-फाय स्पीकर बनवणाऱ्या सोनोस कंपनीने आपलं ॲप नव्याने बांधून आणलं. लोकांच्या घरातले स्पीकर तेच होते. पण गजर, स्लीप टायमर अशा रोजच्या सोयी नव्या ॲपमध्ये नव्हत्या. ग्राहक इतके संतापले की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली, आणि जानेवारी 2025 मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले. याउलट स्क्वीझबॉक्स हे घरच्या नेटवर्कवर गाणी वाजवणारं यंत्र. लॉजिटेकने 2012 साली त्याचं उत्पादन थांबवलं, 2024 मध्ये त्याची ऑनलाइन सेवाही बंद केली. तरी जुने स्क्वीझबॉक्स आजही वाजतात, कारण त्यांचा सर्व्हर घरच्या संगणकावर चालतो आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. हौशी मंडळी तो आता ‘लिरियन’ या नावाने सांभाळतात. घरातल्या कुठल्याही ब्राउझरमधून गाणं बदलता येतं.

घरात सर्व्हर सांभाळणं सगळ्यांना जमणार नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी एक छोटा संगणक कायम चालू लागतो, अधूनमधून खटपटही करावी लागते. पण एअरप्ले आणि स्पॉटिफाय कनेक्ट या दोन्ही पद्धतींनी चालणारा, अंगावर आवाजाची बटणं असलेला स्पीकर निवडायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. मग तोंडी हुकूम का नको? हात कणकेत असताना किंवा दृष्टी अधू असेल तर ती मोठीच सोय आहे. मात्र बोलणं समजून घेण्याचं काम बहुतेकदा कंपनीच्या सर्व्हरवर होतं. इंटरनेट गेलं की ती सोयही गेली. तिला जोडीला ठेवावं, बटणाच्या जागी नव्हे. खरेदीच्या वेळी दुकानदाराला इंटरनेट बंद करायला सांगा, आणि फोन खिशातच ठेवून आवाज कमी करता येतो का ते स्वतः करून पाहा.