गेवराईच्या काळ्या रानात पाऊसबाग: मे महिन्यातलं माझं चुकलेलं रीडिंग

संशोधनाला लागायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारून ठेवा: मी जे मोजतोय, ते नेमकं कशाचं माप आहे? मला हा प्रश्न गेवराई तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानात, गुडघाभर चिखलात उभं राहून पडला. तोवर पीएचडीची दोन वर्षं झाली होती.

माझा विषय जमिनीत पाणी कसं मुरतं हा. नववीच्या मुलांना पाऊसबाग, म्हणजे रेन गार्डन, आखायला आणि बांधायला शिकवायचं ठरलं. कल्पना साधी आहे. छतावरून पडणारं पाणी रस्त्यावर वाहून न जाता एका उथळ, झाडं लावलेल्या खोलगट वाफ्यात जावं, तिथं थोडा वेळ साठावं आणि मुरावं. आज ज्याला रेन गार्डन म्हणतात ती पद्धत 1990 च्या सुमारास अमेरिकेत मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत सुरू झाली. एका नव्या वसाहतीत मोठं तळं खोदण्याऐवजी घराघरापुढं असे वाफे केले गेले. आपल्याकडं शोषखड्डा सगळ्यांना माहीत असतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं तर घरोघरी शोषखड्डे करून डास हटवले. पण शोषखड्ड्यात रोजचं सांडपाणी जातं, थोडं थोडं. पाऊसबागेला तासाभरात सगळा लोंढा झेलायचा असतो. हिशोब वेगळा पडतो.

पहिल्या दिवशी मी स्लाइड्स नेल्या होत्या. दहा मिनिटांत वर्ग पेंगायला लागला. मग फळ्यावर एकच ओळ लिहिली: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मुलं टेप घेऊन पळाली. वर्गांच्या एका ओळीचं पत्र्याचं छत 20 मीटर लांब, 6 मीटर रुंद, म्हणजे 120 चौरस मीटर. 25 मिलिमीटरचा एक पाऊस धरला तर 3,000 लिटर. उडालेलं, सांडलेलं, पत्र्यावरच वाळलेलं म्हणून 15 टक्के वजा केले, राहिले 2,550. "सर, म्हणजे पंधरा लिटरच्या 170 बादल्या," मागच्या बाकावरून आवाज आला. ज्या तालुक्यात वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पडतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची सवय आहे, तिथं 170 बादल्या हा आकडा मुलांना समजवावा लागत नाही.

वाफ्यात 15 सेंटिमीटर पाणी साठवायचं तर 2.55 घनमीटरला 17 चौरस मीटर जागा लागते. भिंतीपासून तीन मीटर लांब जागा निवडली, कारण काळी माती ओली झाली की फुगते आणि पायाला त्रास देते. तळ सपाट आहे की नाही ते गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या नळीनं पाहिलं. इथवर सगळं पुस्तकात असतं तसं.

आता माझी चूक. मे महिन्यात मी मुलांकडून मुरण्याची चाचणी करून घेतली. 30 सेंटिमीटर खोल खड्डा, त्यात पट्टी उभी, पाणी भरायचं आणि दर दहा मिनिटांनी पातळी लिहायची. पहिल्यांदा भरलेलं पाणी बघता बघता गेलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा भरल्यावर तासाला 6 सेंटिमीटर असा आकडा आला. मी शहाणपणा दाखवत तो निम्मा केला, म्हणजे तासाला 30 मिलिमीटर. त्या हिशोबानं 15 सेंटिमीटर पाणी पाच तासांत मुरायला हवं. शाळेचे शिपाई मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "सर, हे पाणी रानानं नाही, भेगांनी पिलं." मी हसलो आणि रजिस्टरमध्ये 30 लिहिलं.

जुलैत एका रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी बाग काठोकाठ भरलेली, मुलं खूश, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी पातळी फक्त 4 सेंटिमीटर उतरली होती. त्यातलं अर्धा सेंटिमीटर तर बाष्पीभवनाचंच असणार. तिसऱ्या दिवशी शाळेत डेंग्यूची चर्चा सुरू झाली आणि खड्डा बुजवायचं ठरायला आलं. शाळेचं काही चुकत नव्हतं. पाणी आठवडा-दहा दिवस साचून राहिलं तर डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची तयारी पूर्ण होते. मधे आणखी एखादा पाऊस झाला असता तर आमचं पाणी तेवढं सहज टिकलं असतं.

झालं काय होतं? आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणून मे महिन्यात रान भेगाळतं. तेव्हा ओतलेलं पाणी मातीतून जात नाही, भेगांतून पळतं. पावसाळ्यात माती फुगते, भेगा मिटतात, आणि उरतो तो मातीचा खरा वेग. चिकणमातीसाठी हा वेग तासाला 1 ते 5 मिलिमीटर धरतात. आमचा दीडच्या आसपास आला. म्हणजे मेचं रीडिंग खोटं नव्हतं. ते भेगांचं होतं. मला हवं होतं फुगलेल्या मातीचं, आणि मी दोन्हीला एकच नाव दिलं होतं. शिवाय लहान खड्ड्यातलं पाणी बाजूंनीही जातं, त्यामुळं आकडा आणखी फुगतो. दोन कड्यांचं उपकरण यासाठीच असतं: बाहेरच्या कड्यातलं पाणी बाजूला पसरतं, आतल्यातलं बरंचसं सरळ खाली जातं. पण कड्याखालीच भेग असेल तर तेही फसतं.

वाफसा हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेत वाढलेल्या माणसानं जमिनीचा ओलावा न नोंदवता मुरण्याचा वेग लिहावा, याची मला अजून लाज वाटते. शेतकरी पेरणीआधी मूठभर माती दाबून बघतो. मी ते केलं नाही.

दुरुस्ती मुलांबरोबरच केली, आणि खरं शिकणं तिथं झालं. सांडवा 15 वरून 5 सेंटिमीटरवर आणला, तर पाणी तीस-बत्तीस तासांत जातं, पण साठा 850 लिटरच उरतो. उरलेलं कुठं? एका मुलीनं विचारलं, "खाली मुरूम लागतो, तिथवर गेलं तर?" पहारीनं पाहिलं, एका कोपऱ्यात 1.1 मीटरवर मुरूम लागला. तिथं आधी दिवसभर पाणी भरून ठेवलं आणि मग चाचणी घेतली. तासाला 12 मिलिमीटर. बागेच्या आतच 4 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद, 1.2 मीटर खोल चर घेतला आणि दगडांनी भरला. दगडांमधली पोकळी साधारण 40 टक्के धरली तर त्यात 1,150 लिटर मावतात. एकूण 2,000. 2,550 झाले नाहीत, बाकीचं सांडव्यावरून जातं. मुलांना हे आवडलं नाही. त्यांना पूर्ण आकडा हवा होता. तुम्हालाही हवासा वाटेल. पण प्रबंधात "डिझाइन पूर्ण क्षमतेचं आहे" असं लिहिण्यापेक्षा 550 लिटर सांडतात हे लिहिलेलं बरं.

(मधे एकानं सुचवलं की काळ्या मातीत थोडी वाळू मिसळू. करू नका. थोडी वाळू आणि भरपूर चिकणमाती मिळून विटेसारखं घट्ट काहीतरी होतं. बदलायची तर बरीच माती बदलावी लागते.)

झाडांचंही असंच. पहिल्या यादीत मी कर्दळ घातली होती, फोटोत छान दिसते म्हणून. पण पाऊसबाग म्हणजे दलदल नाही. इथं दोन दिवस पाणी आणि मग ऑगस्टचा तीन आठवड्यांचा खंड, दोन्ही सोसणारं झाड लागतं. वाळा टिकला, काठावर अडुळसा टिकला. कर्दळ उन्हाळ्यात वाळली.

आता रजिस्टरला दोन नवे रकाने आहेत: चाचणीआधी किती दिवस पाऊस नव्हता, आणि जमिनीला भेगा होत्या का, किती बोटं रुंद. दुसरा रकाना मामांनी सुचवला. माझ्या प्रबंधातल्या आधीच्या 22 खड्ड्यांपैकी 14 मे महिन्यातले निघाले. ते सगळे मी पावसाळ्यात पुन्हा घेतोय, त्याच जागी, एक दिवस आधी पाणी भरून. मार्गदर्शकांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, जुने आकडे खोडू नकोस, दोन्ही शेजारी शेजारी ठेव. आत्तापर्यंत नऊ झालेत. तुम्ही काळ्या रानात काम करणार असाल तर तुमचे खड्डे कुठल्या महिन्यातले आहेत ते एकदा काढून बघा.